बर्फाची राणी आणि आपली घरची आईसकांडी

चैत्र लागला की नागपूरच्या घराघरांत कुलर खाली उतरतात, वाळा बदलला जातो, नवा माठ येतो. दुपारी चारच्या सुमाराला गल्लीत घंटी वाजते आणि अंगणात पोरांची एकच धावपळ होते. गोळेवाला आला! लाल, हिरवा, पिवळा, हवा तो रंग. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात लेकराला काहीतरी गार द्यावं, असं कोणत्या आईला वाटणार नाही? पण त्याच वेळी मनात पाल चुकचुकते. हा बर्फ कोणत्या पाण्याचा? हा रंग कशाचा? उद्या पोट बिघडलं तर?

मैत्रिणींनो, ही काळजी काही आजची नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या आयांनाही ती होती. आणि त्याच काळात, त्याच शहरात एक बाई घरच्या घरी स्वच्छ, मोजून-मापून, फळांच्या रसाचा बर्फ कसा करायचा हे शेकडो बायकांना शिकवीत होती. तिचं नाव अ‍ॅग्नेस मार्शल. पुढे तिला 'बर्फाची राणी' म्हणून ओळखलं गेलं. आज आपण फ्रीजमध्ये जी आईसकांडी सहज लावतो, तिच्यामागचं गणित या बाईंनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांची ओळख करून घेऊ या.

एका पैशाची चाट

त्या काळचं लंडन कसं होतं? घरात फ्रीज नव्हता, वीजही नव्हती. बर्फ यायचा तो नॉर्वेच्या गोठलेल्या तलावांमधून, जहाजांत भरून. श्रीमंतांच्या मेजवान्यांत आचारी सुंदर साच्यांतून आईस्क्रीम काढायचे. गरिबांची पोरं मात्र रस्त्यावरच्या हातगाडीवर जायची. तिथे एका पेनीला, म्हणजे तिकडच्या पैशाला, जाड काचेच्या छोट्या पेल्यात चमचाभर आईस्क्रीम मिळायचं. काच इतकी जाड, की आतला माल होता त्यापेक्षा जास्त दिसायचा! मूल पेला चाटूनपुसून साफ करायचं आणि गाडीवाल्याला परत द्यायचं. तो पेला कसाबसा पुसून पुढच्या मुलाला भरून द्यायचा.

एकाचा उष्टा पेला दुसऱ्याच्या तोंडी. क्षयासारखे रोग त्यातून पसरतात, अशी भीती वाढत गेली आणि अखेर १८९९ मध्ये लंडनमध्ये या पेल्यांवर बंदी आली. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवली, म्हणजे मार्शलबाईंच्या कामाचं मोल कळतं.

स्वतःच्या नावाची शाळा

अ‍ॅग्नेस बर्था स्मिथ हे त्यांचं माहेरचं नाव. जन्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचा. आपण पॅरिस आणि व्हिएन्नाच्या नामांकित आचाऱ्यांकडून शिकलो, असं त्या सांगत असत. १८७८ मध्ये आल्फ्रेड मार्शल यांच्याशी लग्न झालं. पुढे चार मुलं झाली. इथपर्यंत चारचौघींसारखंच.

पण १८८३ मध्ये त्यांनी एक धाडस केलं. लंडनच्या मॉर्टिमर स्ट्रीटवर चालू असलेली एक पाकशाळा विकत घेतली आणि ती आपल्या नावानं सुरू केली. या वर्षाचंही एक महत्त्व आहे. लग्न झालेल्या बाईला स्वतःची मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवण्याचा पूर्ण हक्क देणारा कायदा इंग्लंडमध्ये १८८२ साली मंजूर झाला आणि १ जानेवारी १८८३ पासून लागू झाला. त्याआधी बाईनं कमावलेलं, उभारलेलं बरंचसं नवऱ्याच्या नावे जायचं. कायद्यानं दार उघडलं आणि त्याच वर्षी एक बाई त्या दारातून बाहेर पडून दुकानाच्या गल्ल्यावर बसली.

वर्षभरातच शाळेनं जोर धरला. आठवड्यातले पाच-सहा दिवस वर्ग, एकेका वर्गात चाळीसपर्यंत बायका. काही वर्षांत विद्यार्थिनींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली, असं सांगितलं जातं. गंमत म्हणजे तिथे आपल्याकडच्या रश्शाचा, म्हणजे 'करी'चाही वर्ग होता! तो घ्यायला हिंदुस्थानात नोकरी केलेला एक इंग्रज कर्नल यायचा. फोडणी कशी द्यायची हे कर्नलसाहेबांकडून शिकणाऱ्या इंग्रज बायका डोळ्यांसमोर आणा, हसू येईल.

शाळेला लागूनच दुकान होतं. साचे, भांडी, बेकिंग पावडर, जिलेटिन, खाण्याचे रंग, सगळं तिथे मिळायचं. घरकामासाठी माणसं मिळवून देणारी नोंदणीही तिथेच होती. बाई हिशोबाला पक्क्या होत्या. पुस्तकात कृती द्यायची आणि त्या कृतीला लागणारं सामान आपल्याच दुकानात ठेवायचं, हे त्यांना बरोबर जमलं होतं. आजच्या आपल्या बचत गटांनी घ्यावा असा हा धडा!

पाच मिनिटांत गोठवणारं यंत्र

१८८५ साली त्यांचं 'द बुक ऑफ आइसेस' हे पुस्तक आलं. १७७ कृती, सगळ्या गोठवलेल्या पदार्थांच्या. त्यात साय-दुधाचे प्रकार होते, तसे नुसत्या फळांच्या रसाचेही होते. त्यांना 'वॉटर आइस' म्हणत. आपल्या आईसकांडीची ही थोरली बहीणच म्हणा ना!

त्याच वर्षी त्यांनी एका यंत्राचं पेटंटही घेतलं. आपल्याकडे उन्हाळ्यात हातानं फिरवायचा आईस्क्रीमचा पॉट भाड्यानं आणायचे, तो अनेकींना आठवत असेल. पाळीपाळीनं दांडा फिरवून सगळ्या भावंडांचे हात भरून यायचे. हाताच्या पॉटचं पहिलं पेटंट घेणारीही एक बाईच होती, अमेरिकेची नॅन्सी जॉन्सन, १८४३ साली. मार्शलबाईंनी त्यात सुधारणा केली. त्यांचं भांडं उभट नव्हतं, पसरट आणि उथळ होतं. त्यामुळे मिश्रणाचा जास्त भाग थंडाव्याला टेकायचा आणि अर्ध्या लिटरहून थोडं जास्त आईस्क्रीम पाच मिनिटांत तयार व्हायचं. परातीत पसरलेला भात पातेल्यातल्या भातापेक्षा लवकर निवतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. तेच तत्त्व!

यामागचं शास्त्रही त्या पुस्तकात समजावून देतात. नुसत्या बर्फानं आईस्क्रीम गोठत नाही, त्यात जाडं मीठ घालावंच लागतं. मिठामुळे बर्फ झपाट्यानं वितळतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. मग तो खारा बर्फ शून्याच्या खाली, उणे अठरा-वीस अंशांपर्यंत उतरू शकतो. आपला मटका कुल्फीवाला हेच करतो. त्याच्या माठात बर्फ आणि मीठच तर असतं.

आणखी एक मोलाची गोष्ट त्यांनी लिहून ठेवली, ती साखरेची. साखर जास्त झाली तर मिश्रण नीट गोठत नाही. कमी झाली तर दगडासारखं होतं. घरी आईसकांडी करताना आपली चूक होते ती नेमकी इथे. 'आरोग्यासाठी' म्हणून साखर अजिबात टाळली की कांडी दातांनी तुटत नाही. मूल ती नुसती चोखतं, रस निघून जातो आणि हातात पांढरा बर्फ उरतो!

पुस्तकं, साप्ताहिक आणि कोन

१८८६ मध्ये बाईंनी 'द टेबल' नावाचं साप्ताहिक काढलं. त्यात कृती तर असतच, पण घरात राबणाऱ्या स्वयंपाकिणींची अवस्था सुधारावी, असंही त्या लिहीत. पुढे गार ठेवणाऱ्या गाड्यांतून नाशिवंत माल दूरवर जाईल, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. लंडनच्या स्टेपनी आणि पॉप्लर या गरीब वस्त्यांत त्या नाताळला जेवण देत, हिवाळ्यात गरम सूप वाटत. श्रीमंतांच्या मेजवान्या सजवणारी ही बाई उपाशी पोटांना विसरली नव्हती.

१८८८ मध्ये त्यांचं स्वयंपाकाचं मोठं पुस्तक आलं. त्याच्या साठ हजारांहून अधिक प्रती खपल्या. याच पुस्तकात बदामाच्या पिठाच्या, भट्टीत भाजलेल्या छोट्या शंकूंची कृती आहे. त्यात क्रीम किंवा फळांच्या रसाचा बर्फ भरून वाढता येईल, असं त्यांनी सुचवलं आहे. आईस्क्रीमसाठी खाता येणाऱ्या कोनाचा हा सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी एक मानला जातो. आता तो काचेचा उष्टा पेला आठवा. पेल्यावर बंदी आली १८९९ मध्ये. पेलाच खाऊन टाकायचा, म्हणजे धुण्याचा प्रश्नच नको, हा तोडगा पुस्तकात अकरा वर्षं आधीच छापलेला होता! अर्थात बाईंनी तो मेजवानीच्या ताटासाठी लिहिला होता. रस्त्यावर तो पोचायला वेळ लागला.

१८९२ मध्ये त्यांनी इंग्लंडभर दौरा केला. शेकडो लोकांसमोर व्यासपीठावर उभं राहून अख्खं जेवण रांधून दाखवायचं! आज टीव्हीवर जे पाहतो, ते त्या काळी एका बाईनं करून दाखवलं. १८९४ मध्ये बर्फाच्या पदार्थांचं दुसरं पुस्तक आलं. १९०१ मध्ये तर त्यांनी कमालच केली. द्रवरूप वायू वापरून जेवणाच्या टेबलावरच क्षणात आईस्क्रीम करता येईल, असं त्यांनी लिहिलं. आज लग्नाच्या मांडवात धूर सोडणारं नायट्रोजन आईस्क्रीम पाहून आपण तोंडात बोट घालतो. कल्पना मात्र शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची.

१९०४ मध्ये त्या घोड्यावरून पडल्या. त्यानंतर प्रकृती सावरली नाही. २९ जुलै १९०५ रोजी कर्करोगानं त्यांचं निधन झालं.

नाव पुसलं गेलं

पुढची गोष्ट मनाला लागते. काही वर्षांत धंदा दुसऱ्यांच्या हातात गेला. पुस्तकांचे हक्क एका मोठ्या प्रकाशकाकडे गेले आणि त्यानं त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. हळूहळू बाजारातून पुस्तकं आणि लोकांच्या ओठांवरून नाव, दोन्ही नाहीसं झालं. आईस्क्रीमचा कोन जगभर गेला, पण तो लिहून ठेवणाऱ्या बाईचं नाव कुणाला माहीत नव्हतं. विसाव्या शतकाच्या शेवटी काही अभ्यासकांनी जुनी पुस्तकं शोधून काढली, तेव्हा कुठे त्यांची पुन्हा आठवण झाली.

आपल्याकडे तरी वेगळं काय घडतं? लोणच्याचं प्रमाण, सांडग्यांचा अंदाज, पन्ह्यातला गूळ, हे सगळं आजीच्या हातात असतं. आजी गेली की ते प्रमाणही जातं. मार्शलबाई निदान लिहून तरी गेल्या, म्हणून त्या परत सापडल्या. तेव्हा मैत्रिणींनो, आपापल्या घरातलं एक तरी प्रमाण वहीत उतरवा आणि खाली नाव घाला.

आता आणखी एक योगायोग. बाई गेल्या त्याच १९०५ सालची, काडीवरच्या बर्फाची एक गोष्ट अमेरिकेत सांगतात. कॅलिफोर्नियातला अकरा वर्षांचा फ्रँक एपरसन सरबताचा पेला ढवळण्याच्या काडीसकट रात्री बाहेर विसरला. सकाळी पाहतो तर सरबत गोठलेलं आणि काडी आत अडकलेली! ही आठवण तो पुढे सांगत असे. १९२४ मध्ये त्यानं पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षी पैशाच्या अडचणीत हक्क विकून टाकले. 'पॉप्सिकल' म्हणून जी जगभर विकली जाते, ती हीच आपली आईसकांडी.

आता आपल्या घरी

गोळ्यातल्या बर्फाबद्दलची शंका खोटी नाही. मासळी किंवा इतर माल टिकवण्यासाठी जो बर्फ करतात, त्याला पिण्याचंच पाणी वापरलेलं असेल असं नाही. म्हणूनच २०१८ पासून महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फात निळसर रंग घालणं बंधनकारक झालं. बर्फ निळसर दिसला तर मुलाला सरळ मागे ओढा. सगळेच गाडीवाले वाईट नसतात, त्यांचंही पोट त्यावर असतं. पण पाणी आणि हात आपले असले की मनाला घोर राहत नाही.

साच्यांसाठी खर्च नको. कुल्फीचे साचे, स्टीलचे छोटे पेले, कागदी कप, काहीही चालेल. काच मात्र नको, तडकते. गोठताना पाणी फुगतं, म्हणून वर बोटभर जागा सोडा. दीड तासानं मिश्रण घट्टसर झालं की मधोमध काडी खोचा, म्हणजे ती सरळ राहते. मग सहा ते आठ तास, नाहीतर सरळ रात्रभर ठेवा. काढताना साचा नळाच्या पाण्यात काही सेकंद बुडवा. गारव्यानं जिभेला गोडी कमी कळते, म्हणून गोठवण्यापूर्वी मिश्रण किंचित जास्त गोड लागायला हवं.

संत्र्याची कांडी. दोन वाट्या रस, पोह्याचे तीन चमचे साखर, चमचाभर लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. पाच-सहा कांड्या होतात. आपला नागपुरी संत्रा मृग बहाराचा असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, मेपर्यंत थांबत नाही. म्हणून तेव्हाच रस काढून गोठवून ठेवा. एक काळजी घ्या. बिया आणि पांढऱ्या सालीसकट मिक्सरमधून फिरवलेला रस थोड्या वेळानं कडू होतो. आधी बिया आणि दोरे काढा, हातानं रस पिळा, गाळा आणि लगेच गोठवा. सोललेल्या पाकळ्यांचे तुकडे घातले तर दिसायलाही छान.

टरबुजाची कांडी. तीन वाट्या बिया काढलेल्या फोडी मिक्सरमधून फिरवा. पाणी अजिबात घालू नका, टरबुजात ते भरपूर असतं. दोन-तीन चमचे साखर, अर्धं लिंबू, चार पुदिन्याची पानं, चिमूटभर काळं मीठ.

पन्ह्याची कांडी. उकडलेल्या कैरीचा गर एक वाटी, किसलेला गूळ पाऊण ते एक वाटी, पाणी अडीच वाट्या, मीठ, वेलची, थोडी भाजलेल्या जिऱ्याची पूड. मोठ्यांनाही हीच सर्वांत आवडते.

केळं-दह्याची कांडी. दोन पिकलेली केळी, एक वाटी ताजं गोड दही, दोन खजूर. वेगळी साखर नको. दुपारी न जेवणाऱ्या मुलांच्या पोटात यानं काहीतरी जातं.

लक्षात ठेवायच्या चार गोष्टी. वीज गेली आणि कांडी पूर्ण वितळली तर ती पुन्हा गोठवू नका, सरबत म्हणून लगेच पिऊन टाका. एक वर्षाखालच्या बाळाला मध घातलेलं काहीही देऊ नका. लहान मुलांच्या कांडीत अख्खी द्राक्षं घालू नका, घशात अडकतात. घरात मधुमेह असेल तर फळाची आणि गुळाची साखरही साखरच असते, हे विसरू नका. आणि ऊन लागलेल्या माणसाला आईसकांडी हा उपाय नाही. त्याला सावलीत न्या, अंग ओल्या कापडानं पुसा, शुद्धीत असेल तर जलसंजीवनी द्या आणि दवाखाना गाठा.

फ्रीज नसेल तरी अडत नाही. मोठ्या पातेल्यात तीन-चार वाट्या बर्फाच्या चुऱ्याला वाटीभर खडे मीठ, त्यात घट्ट झाकणाचे कुल्फीचे साचे, वरून जाड गोणपाट. बाहेरचा बर्फ असेल तर त्याचा थेंबही साच्यात जाणार नाही एवढं सांभाळा, आणि साचे उघडण्यापूर्वी स्वच्छ पाण्यानं धुऊन घ्या.

या सुट्टीत मुलांनाच कामाला लावा. एक बिया काढील, एक रस गाळील, एक काड्या खोचील. स्वतः केलेली कांडी मुलं जास्त आनंदानं खातात. आणि रात्री ती गोठायची वाट बघत जागी असली, की त्यांना मार्शलबाईंची गोष्ट जरूर सांगा.